बनगरवाडी : वर्गकृतींद्वारे अध्यापन

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी महाविद्यालयीन तसेच वरच्या शालेय वर्गांत व्याख्यानाऐवजी कृतींच्या आधारे कशी शिकवता येते, याची माहिती या लेखात दिली आहे. अध्यापनशास्त्रात 'वर्गकृती' ही संज्ञा विद्यार्थ्याने संहितेवर स्वतः करावयाच्या कामासाठी वापरली जाते. नकाशा काढणे, पात्राच्या भूमिकेतून बोलणे, एखादा प्रसंग दुसऱ्या दृष्टिकोनातून लिहिणे, शब्दसंग्रह करणे ही त्याची काही उदाहरणे आहेत.

== पार्श्वभूमी ==

साहित्य शिकवताना वाचकाच्या प्रतिसादाला मध्यवर्ती स्थान द्यावे, हा विचार अमेरिकन अभ्यासक लुईज रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली मांडला. पुढे १९७१ मध्ये एलियट अॅरनसन यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे 'जिगसॉ' ही गटपद्धती विकसित केली. तीत प्रत्येक गट विषयाच्या एकेका भागाचा जाणकार होतो आणि मग तो भाग इतरांना शिकवतो. महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाच्या प्रभावातून मराठीच्या प्रश्नपत्रिकेची 'कृतिपत्रिका' झाली. आकलन कृती, स्वमत, अभिव्यक्ती हे शब्द विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. तथापि शालेय पाठ्यपुस्तकात कादंबरीचा बहुधा उताराच असतो. पूर्ण कादंबरी पदवीच्या वर्गात येते, आणि तेथे ती मार्गदर्शिकेतील सारांशावर वाचली जाण्याचा धोका असतो. सारांशात 'बनगरवाडी'चे कथानक चार ओळींत संपते. या कादंबरीचे बळ कथानकात नसल्यामुळे असे वाचन जवळजवळ निरुपयोगी ठरते.

== कादंबरीची निवड ==

औंध संस्थानातील राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत नेमला जातो. मुले मेंढरांमागे गेलेली, शाळा रिकामी. वृद्ध कारभाऱ्याच्या पाठिंब्याने तो शाळा सुरू करतो, गावाला तालीम बांधण्यास उद्युक्त करतो. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे परागंदा होतात आणि मास्तरलाही गाव सोडावे लागते. कादंबरी छोटेखानी असल्याने ती पूर्ण वाचून घेणे शक्य होते. निवेदक स्वतः शिक्षक असल्याने वर्गात ती वेगळ्याच प्रकारे जिवंत होते. शिकवणाऱ्यालाही तिच्यात स्वतःकडे पाहावे लागते.

== वाचनापूर्वीच्या कृती ==

या टप्प्यावर फार वेळ घालवू नये. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, औंधचा मुलूख सलग नव्हता आणि आटपाडीचा भाग त्यात होता, एवढे नकाशावर दाखवावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, ही माहिती मिळाली की तालमीचा प्रसंग केवळ मास्तरची लहर वाटत नाही. अमोल पालेकर दिग्दर्शित चित्रपट (१९९५) वाचनाआधी दाखवणे टाळावे. एकदा चेहरे ठरले की विद्यार्थी माडगूळकरांची वर्णने वाचत नाहीत.

== निवेदकाचा दृष्टिकोन ==

अध्यापनाचा सर्वाधिक वेळ या भागाला द्यावा लागतो. संपूर्ण गाव आपल्याला मास्तरच्या डोळ्यांनी दिसते. तो प्रामाणिक आहे, पण बाहेरचा आहे, लिहिता-वाचता आहे आणि वयाने लहान आहे. पुष्कळ विद्यार्थी त्याचे म्हणणे हेच गावाचे सत्य मानून चालतात. त्यावर उपयोगी पडणारी कृती साधी आहे : वहीच्या पानाचे दोन रकाने करावेत. एकात 'मास्तरने पाहिले ते' आणि दुसऱ्यात 'मास्तरने तर्काने ठरवले ते' अशी नोंद प्रत्येक प्रकरणाबरोबर करत जावी. काही प्रकरणांनंतर दुसरा रकाना अपेक्षेपेक्षा बराच भरलेला आढळतो.

यानंतर पात्रांचे गट करता येतात. कारभारी, अंजी, आयबू, शेकू व त्याची बायको, दादू बालट्या असे एकेक पात्र एकेका गटाकडे द्यावे. मास्तर अंजीसाठी चोळी शिवून आणतो आणि त्यातून कारभाऱ्याचा गैरसमज होतो, हा प्रसंग भूमिकाकथनासाठी विशेष योग्य आहे. अंजीच्या गटाने तो तिच्या तोंडून सांगावा, कारभाऱ्याच्या गटाने त्याच्या. अट एकच : प्रत्येक विधानाला कादंबरीतील आधार दाखवता आला पाहिजे, आणि जेथे कल्पना केली तेथे तसे सांगितले पाहिजे. ही अट शिथिल झाली की कृतीचे स्नेहसंमेलन होते.

शेकूची बायको बैलाच्या जोडीने स्वतःला औताला जुंपून घेते, तो प्रसंग मात्र अभिनयासाठी निवडू नये. वर्गात त्याचे हसे होण्याची शक्यता असते. तो शिक्षकाने किंवा एखाद्या चांगल्या वाचकाने मोठ्याने वाचावा आणि त्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत.

== बोलीचा अभ्यास ==

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, ही कादंबरीची घडण आहे. एखादा संवाद प्रमाण भाषेत लिहून मूळ संवादाशी ताडून पाहिल्यास त्यातील नाते, अदब, चेष्टा कोठे हरवली ते विद्यार्थ्यांना नेमके दाखवता येते. सातारा, सांगली, सोलापूर या भागांतील वर्गांत बोली घरी बोलणारी मुले येथे आपोआप जाणकार ठरतात. मेंढपाळीच्या शब्दांचा छोटा कोश करणे हीसुद्धा रुळलेली कृती आहे. मेंढरे कोंडण्याच्या जाळीला वाघर म्हणतात, हे शहरी विद्यार्थ्याला त्यातूनच कळते. इंग्रजी माध्यमाच्या व महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यांना राम देशमुख यांचा 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' हा अनुवाद शेजारी ठेवता येतो. अनुवादकाने शीर्षकातून गावाचे नावच का काढले, हा चर्चेचा चांगला मुद्दा आहे.

== दुष्काळाचा भाग ==

अखेरच्या प्रकरणांसाठी गावाचा एक आराखडा फळ्यावर काढून जे घर रिकामे होईल ते पुसत जाण्याची कृती करता येते. त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी विचारून लिहून आणाव्यात. दोन्ही दुष्काळ एक नव्हेत : कादंबरीतला संस्थानी काळातला, दुसरा रोजगार हमीच्या कामांचा आणि खडी फोडण्याचा. हा फरक नोंदवून घेणे आवश्यक आहे.

== घ्यावयाची काळजी ==

कादंबरीतील आनंदा रामोशी हा चोऱ्या करणारा आहे. माडगूळकरांनी तो माणूस म्हणून रंगवला आहे. पण वर्गात 'चोर' ही भूमिका जातीच्या नावासह एखाद्या विद्यार्थ्याला देणे अनुचित आहे. वसाहतकाळात गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि आज रामोशी समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. हा इतिहास सांगूनच त्या प्रकरणांची चर्चा करावी. धनगर समाजातील विद्यार्थी वर्गात असल्यास त्यांना समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. त्यांनी आपणहून सांगितले तर ऐकावे.

== मूल्यमापन ==

तक्ते, प्रतिकृती आणि सजावट यांना गुण दिल्यास विद्यार्थी पुस्तकाऐवजी पुठ्ठ्यावर श्रम घेतात. त्यामुळे दोन रकान्यांची वही, पात्रकथनाला दिलेले आधार आणि एक स्वतंत्र लेखन यांवर मूल्यमापन करणे अधिक योग्य ठरते. लेखनासाठी मास्तरने गावासाठी केलेल्या कामांपैकी नेमके काय उरले, असा प्रश्न देता येतो. उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवून घेण्याची गरजही नसते.