ट्विटर सोडून गेलेले परत का आले?

नोव्हेंबर २०१९मध्ये हजारो भारतीय ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेले. निमित्त होते सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे बंद झालेले खाते. नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र त्यांनी लावले होते. कंपनीने त्यावरच आक्षेप घेतला. ‘ब्लू टिक’ देताना जातिभेद होतो, हा आरोपही त्याच सुमारास गाजत होता.

मॅस्टोडॉन जर्मनीतील युजेन रोचको यांनी २०१६मध्ये सुरू केले. त्याला एक मालक नाही. कुणीही आपला सर्व्हर चालवावा, आपले नियम ठरवावेत. तरीही सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. जुलै २०१९मध्ये द्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गॅबने हीच खुली प्रणाली घेतली. ते कुणी रोखू शकत नव्हते. पण अनेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले. निर्णय त्या त्या सर्व्हरचा होता.

मग आपली माणसे परत का आली? कारण मित्र, पत्रकार, नेते सगळे ट्विटरवरच होते. रागाने घर सोडता येते, नवे घर उभे राहत नाही. गावचे वाचनालय वर्गणीवर चालते, तसा सर्व्हरचा खर्च आणि देखरेख वाटून घेणारी माणसे लागतात. तेवढी तयारी असेल तरच कंपनीला पर्याय उभा राहील.