सुई न टोचता कळतं बाळाचं रक्ताभिसरण

दाभोसा (ता. जव्हार) : नवजात बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधली की घरचे घाबरतात. पण यात सुई नसते, बाळाला दुखतही नाही. हा पल्स ऑक्सिमीटर आहे.

कसं चालतं?
पट्टीतला प्रकाश कातडीतून आरपार जातो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त तो वेगवेगळा शोषतं. त्यावरून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके कळतात. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये हे तत्त्व मांडलं.

हात आणि पाय दोन्ही का?
हृदयाच्या काही जन्मजात दोषांत पायाला कमी ऑक्सिजनचं रक्त जातं. म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे मोजतात. ९५ टक्के किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. ९० च्या खाली आलं तर लगेच पुढची तपासणी लागते. वरून धडधाकट दिसणाऱ्या बाळाचा दोषही यात सापडू शकतो. घरी सोडण्याआधी ही तपासणी झाली का, हे जरूर विचारा. पाय गार असेल किंवा बाळ हलत असेल तर आकडा चुकतो. पाय उबदार करून पुन्हा मोजतात.

घरी काय बघायचं?
- पहिल्या दिवशी फक्त हातपाय निळसर दिसले तर सहसा काळजी नाही. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर धोका.
- सावळ्या बाळाची जीभ आणि हिरड्या बघा.
- बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, श्वास जोरात चाललाय, तर थांबू नका.

अशा वेळी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा, वरून पांघरा, १०८ ला फोन करा आणि आशाताईंना कळवा.