सहा दिवस इन्सुलिनविना : स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणाचा इतिहास

१/१३
१७ डिसेंबर १९६६. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय या शल्यविशारदांनी २८ वर्षांच्या एका स्त्रीच्या देहात एकाच वेळी मूत्रपिंड आणि स्वादुपिंड बसवले. मधुमेहाने तिची मूत्रपिंडे निकामी केली होती. मानवात रक्तवाहिन्या जोडून केलेले हे स्वादुपिंडाचे पहिले प्रत्यारोपण. पुढचे सहा दिवस तिला इन्सुलिनची सुई टोचावी लागली नाही.

२/१३
सहा दिवसांनी सुई परतली. नव्या स्वादुपिंडाला दाहाने ग्रासले. शिवाय अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेली स्टेरॉइड रक्तातील साखर वाढवीत होती. अखेर दोन्ही अवयव काढावे लागले आणि काही महिन्यांतच फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून ती स्त्री मरण पावली. त्या सहा दिवसांनी आशाही दाखवली आणि अडचणही.

३/१३
या कल्पनेचे मूळ मात्र त्याहून जुने. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या प्राण्याला तीव्र मधुमेह झाला. रोगाचे उगमस्थान सापडले. साहजिकच पुढचा विचार आला : जे काढल्याने रोग होतो, ते बसवल्याने रोग जाईल काय?

४/१३
डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे वॉटसन विल्यम्स या डॉक्टरांनी तो प्रयत्न केला. मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली त्यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवले. लघवीतील साखर थोडा काळ घटली. तीन दिवसांत मुलगा दगावला. परक्या ऊतीला शरीर का नाकारते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

५/१३
११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि प्रत्यारोपणाचा विचार मागे पडला. पण इन्सुलिनने रुग्ण जगू लागले, तसे मधुमेहाचे दीर्घकालीन आघात दिसू लागले : अंधत्व, निकामी मूत्रपिंडे, बधिर झालेले पाय. मृत्यू टळला होता, झीज थांबली नव्हती. म्हणूनच चार दशकांनी शल्यविशारद पुन्हा त्या जुन्या कल्पनेकडे वळले.

६/१३
मूत्रपिंड जोडता येत होते. मग स्वादुपिंडानेच इतका छळ का मांडला? कारण हा अवयव दुहेरी आहे. इन्सुलिन निर्माण करणारी पेशींची बेटे त्याच्या एकूण वस्तुमानाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतात. उरलेला जवळजवळ सारा अवयव म्हणजे पाचक रसांचा कारखाना. रुग्णाला हवी असतात ती बेटे; पण त्यांच्यासोबत कारखानाही घरात घ्यावा लागतो.

७/१३
हा कारखाना धोक्याचा आहे. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे विकर स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच जागे होते. ही निसर्गाची खबरदारी. रस अडला किंवा पेशी दुखावल्या, तर विकरे जागच्या जागी जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. १९६६ च्या त्या शस्त्रक्रियेत रसाची नलिका बांधून टाकली होती. वाट बंद, कारखाना सुरूच.

८/१३
दुसरा आघात अवयवाच्या प्रवासात होतो. दात्याच्या देहातून काढल्यावर त्याला रक्त मिळत नाही. थंडीत ठेवला तरी पेशी हळूहळू फुगतात. मग नव्या देहात रक्त पुन्हा वाहू लागताच, ज्या प्राणवायूची वाट पाहिली त्याच्यापासूनच घातक रेणू तयार होतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते. स्वादुपिंडातून रक्ताचा प्रवाह मुळातच मंद. त्यामुळे गुठळी होऊन सारा अवयव मरण्याची भीती मोठी.

९/१३
पुढची दोन दशके मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरली : हा रस सोडायचा कुठे? फ्रान्समधील ल्यों येथे झाँ-मिशेल द्युबेर्नार यांनी १९७० च्या दशकात नलिकेत कृत्रिम रबर भरून कारखानाच बंद पाडला. (हेच द्युबेर्नार १९९८ मधील हाताच्या प्रत्यारोपणामुळे पुढे जगभर गाजले.) गुंतागुंत घटली, पण बंद कारखान्याच्या जागी तंतुमय ऊती वाढे आणि कालांतराने बेटांनाही गिळू शके.

१०/१३
१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात विस्कॉन्सिन विद्यापीठात हान्स सोलिंगर यांनी रस मूत्राशयात सोडण्याचा मार्ग रुळवला. लाभ अनपेक्षित होता : लघवीतील अमायलेज मोजून अवयवाचे आरोग्य कळे; ते घटले की शरीर अवयव नाकारत असल्याची सूचना मिळे. मात्र मूत्राशयाची आग होई, शरीरातील क्षार वाहून जात आणि लघवी उलटी फिरून स्वादुपिंडाला पुन्हा दाह होई. म्हणून १९९० च्या दशकात बहुतेक केंद्रे निसर्गाच्या मूळ वाटेकडे, म्हणजे आतड्याकडे, परतली.

११/१३
दरम्यान दोन शोधांनी पारडे फिरवले. पहिला सायक्लोस्पोरिन. रॉय काल्ने यांनी केंब्रिजमध्ये त्याचा वापर केला; १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात मूत्रपिंडे व यकृतांसोबत दोन स्वादुपिंडेही होती. दुसरा शोध विस्कॉन्सिनमध्येच फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी सिद्ध केलेला संरक्षक द्राव. तो पेशींना फुगू देत नाही आणि घातक रेणूंना आवर घालतो. आरंभी तो स्वादुपिंडासाठीच घडवला गेला. पुढे यकृत आणि मूत्रपिंडांनाही त्याचा आधार मिळाला.

१२/१३
मग अवघा कारखाना वगळून फक्त बेटेच का देऊ नयेत? २००० साली कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या यकृतात अशी बेटे सोडली; सातही जण इन्सुलिनविना राहू लागले. पण दाहाने येथेही पाठ सोडली नाही. रक्ताचा स्पर्श होताच गोठण्याची व दाहाची प्रक्रिया उसळते आणि बेटांचा मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतो. त्या सातांपैकीही बहुतेकांना काही वर्षांत पुन्हा इन्सुलिन घ्यावे लागले.

१३/१३
आज मूत्रपिंडासह बसवलेली दहापैकी आठांहून अधिक स्वादुपिंडे वर्षानंतरही काम करीत असतात. तरीही हा सौदा फुकटचा नाही : इन्सुलिनच्या सुईऐवजी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. म्हणूनच ही शस्त्रक्रिया मुख्यतः अशा रुग्णांवर होते, ज्यांना मूत्रपिंडासाठी ती औषधे घ्यावीच लागणार आहेत किंवा ज्यांची साखर जीवघेणी घसरते. ब्रिस्टलच्या मुलाला तीन दिवस मिळाले, मिनेसोटाच्या स्त्रीला इन्सुलिनविना सहा. त्यांच्यानंतर आलेल्यांना वर्षे मिळाली, आणि ती मिळण्यासाठी शल्यविशारदांना आधी हे शिकावे लागले की अवयव जोडणे सोपे, त्याला शांत ठेवणे कठीण.