होळकरांची उजव्या स्टेअरिंगची ड्युसेनबर्ग

जुन्या गाडीची ओळख रंगावरून करू नये आणि कागदांवरूनही करू नये. सोलापुरात आयुष्यभर फियाटी उघडल्या आणि जोडल्या, त्यातून एवढं नक्की कळलं. रंग कितीदाही बदलतो, आरसी बुकाची दुबार प्रत निघते, इंजिन दुसऱ्याच गाडीचं येऊन बसतं. म्हणून आधी रॉकेलचा बोळा घेऊन चासीवरचा मेणचट थर पुसायचा. मग पंच केलेल्या नंबरावर खडू घासायचा आणि वरचा जादा खडू अंगठ्यानं झटकायचा. खाचांत बसलेला खडू राहतो, आकडे पांढरे उठतात. बाकीचे आकडे झिजलेले आणि एकाचीच कड धारदार, असं दिसलं की समजावं, इथं कुणाचा तरी हात फिरलाय.

नंबरानंतर स्टेअरिंग बघायचं. डावीकडचं उजवीकडे आणलं असेल तर बॉनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात जुनी भोकं बुजवलेली सापडतात, पेडलचे कंस नंतर वेल्ड केलेले असतात. मुळातच उजव्या स्टेअरिंगची गाडी असेल तर हे काही नसतं. परदेशी गाडी आणि स्टेअरिंग मुळातच उजवं, मग तर शोध निम्म्यावर येतो. ती बहुधा ब्रिटन, हिंदुस्थान किंवा डावीकडून गाडी चालवणाऱ्या मोजक्या मुलखांसाठी बनलेली असणार.

या कसोटीवर मला सगळ्यात मोलाची वाटते ती इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची ड्युसेनबर्ग. यशवंतराव म्हणजे दुसरे यशवंतराव, जन्म १९०८. ऑक्सफर्डला शिकलेले, एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणारे. ब्रांकुसीची शिल्पं विकत घेणाऱ्या या माणसाला साधी मोटार चालणार नव्हती.

ड्युसेनबर्ग कंपनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. १९२८ च्या अखेरीस तिनं 'मॉडेल जे' बाजारात आणलं. एका ओळीत ८ सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह म्हणजे एकूण ३२, आणि इंजिन सुमारे ६.९ लिटरचं. कंपनी ताकद सांगायची २६५ हॉर्सपॉवर. १९३२ मध्ये त्यावर सुपरचार्जर बसवून 'एसजे' आली, तेव्हा आकडा ३२० वर गेला. आमच्या फियाट ११०० चं इंजिन १०८९ सीसीचं, आणि तेसुद्धा वीस-बावीस वर्षांनंतरचं! एका सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह ही गोष्ट आपल्या रस्त्यांवरच्या साध्या गाड्यांत यायला पुढची कितीतरी वर्षं गेली. त्या काळात असं हेड हातानं जुळवणाऱ्या कारागिरांना माझा दंडवत.

कंपनी बहुधा नुसती चासी आणि इंजिन विकायची. सुरुवातीला त्याचीच किंमत ८,५०० डॉलर होती. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. होळकरांनी १९३५ च्या सुमाराला उजव्या स्टेअरिंगची 'एसजे' घेतली आणि बॉडीचं काम लंडनच्या गर्नी नटिंगकडे दिलं, रोल्स-रॉइस आणि बेंटलींवर बॉडी चढवणाऱ्या नामांकित कारखान्याकडे. चासी निवडली ती लांबातली, चाकापासून चाकापर्यंत १५३.५ इंच. म्हणजे दोन चाकांमधलंच अंतर जवळजवळ आख्ख्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या लांबीइतकं! एवढ्या लांबीवर सातआठ माणसं सहज बसली असती. इथं पुढं दोघांची जागा, मागं उघडणारी डिकी सीट, आणि बाकी सगळं बॉनेटच. रंग काळा आणि नारिंगी. पुढच्या बाजूला लाल आणि निळे दिवे होते. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे पोलिसांना लांबूनच कळावं म्हणून ते लावले होते, असं सांगितलं जातं.

मेकॅनिक म्हणून माझी नजर मात्र दुसरीकडेच अडकते. या इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या अंगाला. अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे एक बाजू तापती आणि दुसरी मोकळी, असा नीट हिशेब बसलेला. स्टेअरिंग उजवीकडे आलं की स्टेअरिंगचा दांडा, पेडलं आणि तापलेले पाइप एकाच अंगाला दाटीनं बसवावे लागतात. हात घालायला जागा उरत नाही, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात चालवणाऱ्याच्या पायाशी काय धग लागत असेल! ड्युसेनबर्गनं 'जे' मालिकेच्या पाचशेच्या आतच चासी बनवल्या, आणि बहुतेक गिऱ्हाईक अमेरिकेतलं. त्यामुळे उजव्या स्टेअरिंगच्या ड्युसेनबर्ग विरळाच. १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली.

आता सोलापूरचं. ज्या वर्षांत इंदूरचा राजा इंडियानापोलिसहून चासी आणि लंडनहून बॉडी मागवत होता, त्याच वर्षांत मोटार इथंच बनवावी म्हणून धडपडणारी माणसं होती. अभियंते विश्वेश्वरय्यांनी कारखान्याची योजना आखली. आमच्या सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद त्यासाठी अमेरिकेला जाऊन आले, क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. इंग्रज सरकारनं मोटारीला युद्धोपयोगी उद्योग मानायला नकार दिला आणि काम अडलं. त्याच अमेरिकावारीच्या परतीच्या प्रवासात त्यांना विमानांच्या धंद्यातले विल्यम पॉली भेटले आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळुरात विमानाचा कारखाना उभा राहिला. मोटारीसाठी १९४४ उजाडावं लागलं. तेव्हा प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या, मग फियाट आली. माझं पोट त्या गाड्यांवर भरलं. एकट्या माणसासाठी आलेल्या नारिंगी गाडीचं मला अपार कौतुक आहे, पण देशाला गरज होती ती वालचंदांच्या गाडीची, आणि तिची वाट परवानगीच्या कागदांनी अडवली, याचा राग अजून जात नाही.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९६१ मध्ये यशवंतराव गेले. ती ड्युसेनबर्ग अमेरिकेत पोहोचली, जिथून तिची चासी निघाली होती तिथेच, आणि आज तिथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिला मोठा मान आहे. तिच्यामागे होळकरांचं नाव कायम लागलेलं आहे, ही समाधानाची गोष्ट. आमच्या सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. तिथल्या पोरांना माझं सांगणं आहे की होळकरांच्या गाड्यांचा इतिहास मराठीत लिहा. मालकाचं आणि बॉडी बनवणाऱ्याचं नाव इंग्रजी पुस्तकांत सापडेल. तुम्ही इंदूरला जा आणि तिथल्या मोटारखान्यात राबलेल्या ड्रायव्हर-फिटरांच्या नातवंडांना गाठा. पहिला प्रश्न विचारा की सुपरचार्जर उघडायचा कोण, आणि दुसरा, पार्ट मोडला तर तो इंदूरच्या लेथवर वळवून घ्यायचे की बोटीनं मागवायचे.