पहिल्या दिवसाचे ऊन: समुद्रस्नानाच्या औषधापासून सनबर्नपर्यंत

मागच्या मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. थायलंडमधल्या फुकेतहून. माझे जुने पेशंट, नवरा-बायको, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त पहिल्यांदाच परदेशी गेलेले. वहिनींनी फोन नवऱ्याच्या पाठीकडे वळवला. "डॉक्टर, ह्यांची पाठ बघा हो. सकाळीच पोचलो आम्ही. ऊन तर नव्हतंच, सगळं ढगाळ होतं. खाण्यातून अ‍ॅलर्जी झाली असेल का?"

पाठ, खांदे आणि मानेचा मागचा भाग लालबुंद. खांद्यावर दोन फोडही आले होते.

मी चौकशी केली. रात्रीच्या विमानाने निघून सकाळी पोचले. हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळणार नव्हती, म्हणून सामान काउंटरवर ठेवून अकरा वाजता थेट बीच गाठला. दोन बिअर झाल्या, आरामखुर्चीवर पालथे पडल्यावर झोप लागली. अ‍ॅलर्जी वगैरे काही नव्हती, सरळसरळ सनबर्न होता. पण ज्या प्रमाणात पाठ भाजली होती, त्याला आणखी एक कारण होते. त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

या जोडप्याने सुट्टीच्या पहिल्या दिवशी जे केले, ते बहुतेक जण करतात. गंमत म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला जाणे ही मुळात डॉक्टरांनीच लावलेली सवय आहे, आणि त्या डॉक्टरांनी पहिल्या दिवसाची फार काळजी घेतली होती.

समुद्र हे औषध होते

अठराव्या शतकापर्यंत युरोपातले लोक मौजेसाठी समुद्रावर फारसे जात नसत. समुद्र म्हणजे मासेमारी, व्यापार आणि वादळे. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरांनी ग्रंथींच्या आजारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. काही वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि श्रीमंत रुग्णांची ब्रायटनला रीघ लागली. रसेल रुग्णांना समुद्रात बुडी मारायला सांगत, शिवाय ते खारे पाणी प्यायलाही लावत!

हे पोहणे नव्हते, उपचार होता. चाकांच्या लाकडी खोलीत बसून रुग्ण पाण्यापर्यंत जाई. तिथे बुडी देणारी बाई त्याला धरून ठरलेल्या वेळा पाण्यात बुडवून काढी. ब्रायटनची मार्था गन ही अशीच एक प्रसिद्ध बाई. १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारातून उठल्यावर वेमथला समुद्रस्नानासाठी गेला. १७९१ मध्ये मार्गेटला गरीब रुग्णांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. तिथे मुख्यतः गंडमाळेचे, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयाचे, रुग्ण येत.

या सगळ्या काळात ऊन मात्र कोणालाच नको होते. गोरा, फिकट रंग हे खानदानीपणाचे लक्षण आणि रापलेली कातडी शेतमजुराची. आपल्याकडे आजही शेतात राबणारा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळतो, बाई पदर घेते. ज्याला रोज उन्हात काम करावे लागते, तो हौसेने उन्हात पडून राहत नाही.

उष्णता नव्हे, किरण

उन्हाने कातडी भाजते ती उष्णतेने, असा पूर्वी समज होता. १८२० च्या सुमारास एव्हरार्ड होम या इंग्रज सर्जनने स्वतःच्या हातांवर प्रयोग केला. एक हात उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळे कापड घातले आणि दोन्ही उन्हात धरले. काळ्या कापडाखाली तापमान जास्त भरले, पण भाजला तो उघडा हात. म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता. सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण योहान रिटर यांनी १८०१ मध्येच शोधले होते. सनबर्न त्यांच्यामुळेच होतो, हे स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखवले.

माझ्या पेशंटचा घोटाळा नेमका इथेच झाला. समुद्रावरचा वारा गार, आकाश ढगाळ, म्हणून ऊन नाही असे त्यांना वाटले. पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग, कधी ८० टक्क्यांपर्यंत, खाली येतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते. फुकेत विषुववृत्तापासून जेमतेम ८ अंशांवर आहे. तिथे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो.

फक्त पावले, फक्त पाच मिनिटे

यानंतर ऊनही औषध झाले. डेन्मार्कचे नील्स फिनसेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांनी उपचार केले आणि त्यांना १९०३ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए या स्विस डॉक्टरांनी आल्प्समधल्या लेझँ गावी हाडांच्या क्षयाच्या रुग्णांसाठी सूर्यस्नानाचे केंद्र सुरू केले. १९१९ मध्ये बर्लिनचे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याखाली बरी होतात, हे दाखवले.

यातले रोलिए यांचे वेळापत्रक मला फार मोलाचे वाटते. पहिल्या दिवशी रुग्णाची फक्त पावले उन्हात ठेवायची, तीही एका वेळी पाचच मिनिटे. मग रोज थोडे थोडे वाढवत गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, पोट आणि शेवटी छाती. डोक्यावर पांढरी टोपी. उन्हावर एवढा विश्वास असलेला हा डॉक्टर पहिल्या दिवशी छातीला ऊन लागू देत नव्हता.

त्यांच्या निरीक्षणाला आज शास्त्रीय आधार आहे. ऊन लागल्यावर त्वचा नवे मेलॅनिन तयार करते, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या काही तासांत रंग गडद झालेला दिसतो, तो असलेल्याच मेलॅनिनमधला बदल. त्याने संरक्षण फारसे वाढत नाही. दुसरे म्हणजे, सनबर्न उन्हात असताना कळतच नाही. लाली तीन ते पाच तासांनी दिसू लागते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वात जास्त वाढते. म्हणून माणूस दुपारी मजेत असतो आणि रात्री आठला डॉक्टरला फोन करतो.

सुट्टी आली, वेळापत्रक गेले

१९२० च्या दशकात फॅशन उलटली. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारे लोक फिकट दिसू लागले आणि रापलेली कातडी म्हणजे सुट्टी परवडणारा माणूस, असे समीकरण झाले. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, अशी कुटुंबे आगगाडीत बसून किनाऱ्यावर गेली. त्याच सुमारास तिथे उन्हात लावायचे तेल बाजारात आले. १९३८ मध्ये फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियन तरुण पिझ बुइन हे शिखर चढताना भाजला आणि १९४६ मध्ये त्याने स्वतःचे क्रीम आणले. आज ट्यूबवर दिसणारा एसपीएफचा आकडा रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

डॉक्टरांचे ऊन असे सर्वांचे झाले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आठवड्याभराची सुट्टी असलेला माणूस पावलांपासून सुरुवात कुठून करणार? महिन्यांचे ऊन तो पहिल्याच दुपारी घेऊ लागला. त्याची किंमत पुढे कळली. अतिनील किरणांमुळे उंदरांना त्वचेचा कर्करोग होतो, हे जी. एम. फिंडले यांनी १९२८ मध्येच दाखवले होते. गोऱ्या कातडीचे लोक आणि कडक ऊन एकत्र आलेल्या ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण इतके वाढले, की १९८१ मध्ये शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोठी मोहीम सुरू करावी लागली.

"आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय," असे अनेक जण म्हणतात. आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी, हे खरे. पण सनबर्न होतो, काळे डाग पडतात आणि डोळ्यांना मोतीबिंदूचा धोका तेवढाच.

माझी चूक

आता ते दुसरे कारण. या गृहस्थांना मी रक्तदाबासाठी जी गोळी देत होतो, तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड होते. या औषधाने काहींची त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. प्रवासाआधी ते माझ्याकडे आले होते. मी बीपी पाहिले, गोळ्या लिहून दिल्या, जुलाबाचे औषध दिले, "मजा करा" म्हटले. उन्हाबद्दल एक शब्द बोललो नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचे डॉक्टर समुद्रावर जाणाऱ्याला बुड्यासुद्धा मोजून देत होते!

तेव्हापासून "बीचवर जाणार का?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तुम्हीही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन, काही वेदनाशामके, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन यांचाही असा परिणाम होऊ शकतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

पहिल्या दिवसासाठी एवढे लक्षात ठेवा:

- सकाळी दहा ते दुपारी चार सावलीत राहा. खोली मिळाली नसेल तर जेवा, बाजार पाहा. समुद्र संध्याकाळीही तिथेच असतो.
- बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी हे सर्वात खात्रीचे सनस्क्रीन.
- क्रीम एसपीएफ ३० किंवा अधिकचे हवे. पूर्ण अंगाला सुमारे सहा चहाचे चमचे लागते. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. कान, मान आणि पावलांचा वरचा भाग विसरू नका.
- जागरण आणि बिअर यांच्यानंतर उन्हात आडवे होऊ नका. पाणी भरपूर प्या.
- भाजलेच तर गार पाणी घ्या, बर्फ नको. टूथपेस्ट लावू नका, फोड फोडू नका. मोठे फोड, ताप, उलट्या किंवा गुंगी असेल तर लगेच तिथल्या डॉक्टरांकडे जा.

माझ्या पेशंटचे उरलेले चार दिवस पूर्ण बाह्यांच्या शर्टात, छत्रीखाली गेले. परत आल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, समुद्र खरा तर संध्याकाळीच बघायचा असतो." वहिनी हसल्या, "हे मी पहिल्याच दिवशी सांगत होते."