ग्रीक नव्या करारातील संगणकीय व्याकरणशोध

ग्रीक नव्या करारातील संगणकीय व्याकरणशोध म्हणजे बायबल-अभ्यासाच्या संगणकप्रणालींच्या साहाय्याने मूळ संहितेतील विशिष्ट व्याकरणिक रूपे व वाक्यरचना शोधण्याची पद्धत होय. ही संहिता कोइने ग्रीक भाषेत असून तिच्यात सुमारे १ लाख ३८ हजार शब्द आहेत.

इतिहास

छापील शब्दसूचीतून एखादा शब्द कोठे आला हे कळे. मात्र रचना शोधण्यासाठी संपूर्ण संहिता वाचावी लागे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ग्रॅमकॉर्ड प्रकल्पाने प्रत्येक शब्दाला व्याकरणिक नोंद जोडली. १९९० च्या दशकात बायबलवर्क्स, अकॉर्डन्स व लोगोस या प्रणालींमुळे ही सोय घरगुती संगणकावर आली. त्यांपैकी बायबलवर्क्स २०१८ मध्ये बंद झाली.

कार्यपद्धती

प्रत्येक शब्दाच्या नोंदीत त्याचे मूळ रूप, शब्दजाती आणि यथायोग्य विभक्ती, लिंग, वचन, काळ, प्रयोग व अर्थ यांचा निर्देश असतो. उदाहरणार्थ, संस्कृतातील सति सप्तमीसारखी ग्रीकमध्ये षष्ठीची स्वतंत्र रचना आहे. ती शोधताना षष्ठीतील धातुसाधित आणि त्याच्याशी लिंग-वचनाने जुळणारे, ठरावीक अंतरातील षष्ठ्यंत नाम किंवा सर्वनाम अशी अट घालतात. तरीही नामाचे विशेषण म्हणून आलेली धातुसाधितेही निष्कर्षात मिसळतात. ती वाचून वगळावी लागतात. ऑस्लो विद्यापीठाच्या प्रोइएल प्रकल्पासारख्या संग्रहांत पदांचे परस्परसंबंधही नोंदलेले असल्याने असा शोध अधिक अचूक होतो.

मर्यादा

प्रणाली संहितेचा अर्थ लावत नाही. संपादकांनी केलेल्या नोंदी शोधते. योहान १४:१ मधील ‘पिस्तेउएते’ हे क्रियापद ‘तुम्ही विश्वास ठेवता’ असे स्वार्थी किंवा ‘विश्वास ठेवा’ असे आज्ञार्थी असू शकते. दोन्हींचे रूप एकच आहे. नोंदीत केवळ आज्ञार्थ असल्यास स्वार्थाच्या शोधात हे वचन आढळत नाही. त्यामुळे निष्कर्षात नसलेली रचना संहितेतही नाही, असे मानता येत नाही.

रोमकरांस पत्र ३:२२ मधील षष्ठीचा अर्थ ‘येशू ख्रिस्तावरील विश्वास’ की ‘येशू ख्रिस्ताची विश्वासूता’ हा अभ्यासकांतील मोठा वाद आहे. रूपनोंद तेथे केवळ षष्ठी दाखवते. तत्सम उदाहरणे क्षणार्धात मिळतात. निवाडा मात्र संदर्भ वाचूनच करावा लागतो.