क्रीडापरंपरा, प्राचीन ग्रीक

प्राचीन ग्रीसमधील देवतांच्या उत्सवांत होणाऱ्या शारीरिक स्पर्धा, त्यामागची तालीम आणि एकोणिसाव्या शतकाअखेरीस युरोपात झालेले त्यांचे पुनरुज्जीवन. महाराष्ट्रात ही परंपरा पुण्याच्या मैदानांवरून आणि वऱ्हाडातल्या आखाड्यांतून ओळखीची झाली.

स्पर्धा : रूढ कालगणनेनुसार ऑलिंपियातील पहिला उत्सव इ.स.पू. ७७६ मध्ये झाला आणि एलिसचा कोरोइबॉस पहिला विजेता ठरला. हे साल पुढे तयार केलेल्या विजेत्यांच्या यादीवरून काढलेले आहे, म्हणून ते सर्वमान्य नाही. आरंभी सुमारे १९२ मी.ची एकच सरळ धाव असे. पुढे दुप्पट अंतराची व लांब पल्ल्याची धाव, पंचस्पर्धा व कुस्ती (इ.स.पू. ७०८), मुष्टियुद्ध (६८८), चार घोड्यांच्या रथांची शर्यत (६८०) आणि कुस्ती व मुष्टियुद्ध यांचा मिश्र प्रकार पांक्राशन (६४८) यांची भर पडली. ऑलिंपियात बक्षीस म्हणून पानांचा मुकुट मिळे. मात्र अथेन्ससारखी नगरे आपल्या विजेत्यांना रोख रक्कम व सरकारी खर्चाने जेवण देत. पैशाला न शिवणारा हौशी ग्रीक खेळाडू ही त्यामुळे बरीचशी व्हिक्टोरियन काळातील इंग्रजांची कल्पना म्हणावी लागते. उत्सव इसवी सनाच्या चौथ्या शतकाअखेर किंवा पाचव्या शतकात बंद पडले.

कुस्ती व आखाडा : ग्रीक कुस्ती (पाले) उभ्याने होई. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडणारा जिंके. वजनी गट नव्हते आणि वेळेचे बंधनही नव्हते. पाठ किंवा खांदा मातीला लागला की पाडाव मानला जाई. गुडघा टेकल्याचे काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मल्ल अंगाला तेल लावून वर धूळ घेत आणि कुस्ती झाल्यावर धातूच्या वाकड्या पट्टीने सारे खरडून काढत. कुस्तीची जागा कुदळीने खणून भुसभुशीत केली जाई आणि ही खणणी व्यायामातच मोजली जाई. मडक्यांवरील चित्रांत खेळाडूंशेजारी कुदळ वारंवार दिसते. तालमीत हौद्याची माती ज्याने उकरली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खुराकाबाबतही तेच. क्रोटोनचा ग्रीक मल्ल मिलो याच्या आहाराच्या कथा अतिशयोक्त असल्या, तरी वैद्य गेलेन (दुसरे शतक) याने पैलवानांच्या अतिखाण्यावर व अतिझोपेवर केलेली टीका खरी आहे आणि ती आजही लागू पडते. ग्रीक व देशी कुस्तीपरंपरांचा थेट संबंध मात्र दाखवता येत नाही. ग्रीक व्यायामशाळा भारताच्या दिशेने आली होती, हे अफगाणिस्तानातील ऐ-खानूमच्या उत्खननातून कळते. दख्खनपर्यंत ती पोचल्याची खूण नाही.

आज ‘ग्रीको-रोमन’ म्हणवणारी कुस्ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली. तीत कमरेखाली पकड चालत नाही, तर ग्रीक मल्ल पाय मारून पाडत. त्या दृष्टीने गोळेश्वरच्या (ता. कराड) खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ज्या फ्रीस्टाइल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो जुन्या ग्रीक कुस्तीला अधिक जवळचा. मातीत वाढलेल्या जाधवांना १९४८ च्या लंडन स्पर्धेत गादीवर खेळावे लागले होते. तेथे ते सहावे आले.

पुनरुज्जीवन : जर्मन पथकाने १८७५–८१ मध्ये ऑलिंपिया उकरले. पिएर द कूबेर्तँ यांच्या पुढाकाराने १८९४ साली आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली व १८९६ मध्ये अथेन्सला पहिल्या आधुनिक स्पर्धा भरल्या. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी याच काळातल्या किंवा त्याहूनही अलीकडच्या आहेत. मॅरेथॉन शर्यत मिशेल ब्रेआल यांनी सुचवली, तिचे ४२.१९५ कि.मी. अंतर प्रथम १९०८ साली लंडनला धावले गेले. ऑलिंपियाहून मशाल नेण्याची दौड १९३६ साली बर्लिनसाठी सुरू झाली. ग्रीक धावपट्टी सरळ होती. नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात किंवा कुठल्याही मैदानावर दिसणारी लंबगोल ४०० मी.ची फेरी इंग्रजी पाव मैलाच्या वळणाची आहे.

महाराष्ट्रातील प्रवेश : पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या (स्थापना १९०६) मैदानी स्पर्धा १९१९ साली दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. अनवाणी धावणाऱ्या खेडुतांच्या वेळा त्यांना युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवण्याची खटपट सुरू झाली. चार धावपटू व दोन मल्ल गेले. त्यांतील फडेप्पा चौगुले (बेळगाव) मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या शर्यतीचे अंतर ४२.७५ कि.मी. होते. मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ साली स्थापन झाली.

नागपूर व वऱ्हाड : नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, पण ग्रीक-आधुनिक परंपरेशी प्रांताचा सर्वात ठळक संबंध आला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे (१९१४, वैद्य बंधू). मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी, मल्लखांब इ. देशी प्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डी त्या वेळी ‘ऑलिंपिकमध्ये’ होती असे विदर्भात अभिमानाने सांगतात. अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते, बेसबॉल व ग्लायडिंग. मंडळाचा कार्यक्रम त्यांत मोडत नाही. तरी मशालदौड पहिल्यांदा निघाली त्याच वर्षी वऱ्हाडातला मल्लखांब बर्लिनमध्ये उभा राहिला, ही घटना क्रीडाइतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक जागेची हक्कदार आहे. देशी बाजूचे दस्तऐवजीकरण बडोद्यात झाले : द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश (१९३६–४९). नागपुरातील तालमींवर इतक्या तोलामोलाचा ग्रंथ नाही.

स्त्रिया : ऑलिंपियात हेरा देवीच्या उत्सवात मुलींच्या धावा होत. स्पार्टाची किनिस्का इ.स.पू. ३९६ मध्ये रथाची मालकीण म्हणून विजेती ठरली. आधुनिक स्पर्धांत साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ साली रिओत ३,००० मी. स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. या शर्यतीला ग्रीक पूर्वज नाही.